तालुक्याचा कागद

आमच्या घरच्या वाटणीचा दावा आम्ही एका झेरॉक्समुळे हरलो. वडिलांना हे अखेरपर्यंत कळले नाही. मुरबाडच्या कोर्टात दावा, मग जिल्हा न्यायालयात अपील, मग मुंबईला दुसरे अपील, अशी एकवीस वर्षे त्यांनी आमच्या गावाहून, म्हशाहून, पहाटेची एसटी धरून काढली. तारखेच्या दिवशी ते धुवट सदरा घालत आणि देवाला नमस्कार करून निघत. परत आले की आई विचारायची, काय झालं? ते म्हणायचे, तारीख पडली.

आजोबा आणि त्यांचे दोन भाऊ यांनी मिळून लिहिलेला वाटणीचा कागद घरातच होता. देव्हाऱ्याखालच्या ट्रंकेत, जुन्या पंच्यात गुंडाळलेला. वकिलांनी कागद मागितला तेव्हा वडिलांनी त्याची झेरॉक्स नेऊन दिली. मूळ कागद कोर्टात गेला तर परत येणार नाही, ही त्यांची भीती. कोर्टाला मूळ कागद दाखवावा लागतो, तो का दाखवता येत नाही हे सांगितल्याशिवाय नक्कल चालत नाही, हे त्यांना कोणी सांगितले नाही. त्या झेरॉक्सला निशाणी क्रमांक मिळालाच नाही. ओळखीपुरती 'आर्टिकल ए' अशी खूण तिच्यावर पडली आणि ती तशीच राहिली. निकालपत्रात त्या कागदाच्या वाट्याला दोन ओळी आल्या: मूळ दस्त हजर नाही, शाबीत झालेला नाही, सबब विचारात घेता येत नाही.

हे सगळे मला माझ्या भाचीने समजावले, वडील गेल्यानंतर सहा वर्षांनी. ती तेव्हा उच्च न्यायालयात एका न्यायमूर्तींकडे वर्षभर लॉ क्लार्क म्हणून काम करून म्हशाला परत आली होती. जुन्या निकालाची फाईल तिने ओसरीवर बसून वाचली, आणि मान वर न करता विचारले, "मामा, ओरिजिनल कुठंय?"

लॉ क्लार्क म्हटले की आमच्या भागात वकिलाचा कारकून डोळ्यांसमोर येतो. बगलेत फायली, खिशात तारखांची डायरी, स्टँपवेंडरपासून बेलीफापर्यंत सगळ्यांशी ओळख. तो माणूस वेगळा आणि तोही मोलाचा. न्यायमूर्तींचा लॉ क्लार्क म्हणजे नुकताच कायद्याची पदवी घेतलेला मुलगा किंवा मुलगी. सुनावणीआधी प्रकरणाचे कागद वाचायचे, तारीखवार टिपण काढायचे, दोन्ही बाजूंनी दिलेले निवाडे खरोखर तेच सांगतात का हे तपासायचे, निकालाच्या मसुद्यातले संदर्भ पडताळायचे. त्या काळात वकिली करायची नाही. मुदत साधारण वर्षाची. सर्वोच्च न्यायालयाने २०२४-२५ साठी जाहिरात काढली तेव्हा सुमारे ९० जागा होत्या आणि मानधन दरमहा ८०,००० रुपये. मुंबई उच्च न्यायालयही असे लॉ क्लार्क नेमते.

भाचीला मी पत्रकाराच्या सवयीने खोदून विचारले. साहेब कसे होते, कुठल्या केसमध्ये काय बोलले, मोठे वकील चेंबरमध्ये येतात का? तिने एकाही प्रश्नाचे उत्तर दिले नाही. "तिथलं तिथंच राहतं, मामा," एवढेच म्हणाली. मला आधी जरा लागले. लहानपणापासून अंगाखांद्यावर खेळलेली मुलगी. मग लक्षात आले की या नोकरीत ती पहिली जी गोष्ट शिकली ती हीच असणार, आणि ती पक्की शिकली होती. त्यामुळे या लेखात तिच्या न्यायमूर्तींचे नाव नाही, तिथल्या एकाही प्रकरणाचा उल्लेख नाही. तिने सांगितल्या त्या फक्त सवयी.

त्या सवयी मात्र ऐकण्यासारख्या. फाईल उघडली की आधी शेवटचे पान बघायचे: वादी नेमके मागतो काय? मग तारखा. मग खालच्या कोर्टाने काढलेले मुद्दे आणि त्यांपुढची 'होय' किंवा 'नाही' अशी उत्तरे. युक्तिवादाची भरजरी पाने सगळ्यात शेवटी. आणि अपिलात खालून 'आर अँड पी' आली असेल, म्हणजे तालुक्याच्या कोर्टातले मूळ रेकॉर्ड, तर ती सुतळी सोडून एकेक निशाणी बघायची. "मामा, त्या पिवळ्या कागदांना आपल्याकडच्या घराचा वास येतो," ती म्हणाली. "भाताच्या कणगीचा."

त्या वर्षात तिच्या मनात एक गोष्ट ठसली, आणि हा सगळा लेख मी त्या एका गोष्टीसाठी लिहितो आहे. मुंबईत कितीही मोठा वकील उभा करा, तालुक्यात जे साक्षीपुराव्यात आले नाही ते मुंबईत येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० खालचे दुसरे अपील फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर चालते. बांध कोणी कोरला, ताबा कोणाचा, सही कोणाची, या वस्तुस्थितीच्या गोष्टी खालीच ठरतात. नवा पुरावा अपिलात आणायचा तर ऑर्डर ४१, नियम २७ ची अरुंद वाट आहे, आणि 'आमच्या ट्रंकेतच होता' असे सांगणाऱ्याला ती वाट बंद असते. आमचा अर्ज तिथेच फेटाळला गेला होता. वडिलांनी एकवीस वर्षे जो प्रवास केला त्याचा निकाल पहिल्या दोन वर्षांतच, मुरबाडच्या एका दुपारी, सरतपासाच्या वेळी लागलेला होता.

न्यायाधीशाशेजारी बसून कायदा शिकण्याची ही रीत अमेरिकेत जास्त रुजली. होरेस ग्रे हे मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश असताना हार्वर्डमधून नुकते बाहेर पडलेले तरुण हाताशी ठेवत, आणि १८८२ मध्ये ते देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा ही प्रथा सोबत घेऊन गेले. पुढे स्वतः त्या न्यायासनावर बसलेले लुई ब्रँडाइस हे मॅसॅच्युसेट्सच्या काळात ग्रे यांच्याकडे काम केलेल्यांपैकी. आज तिकडच्या संघीय न्यायालयांमध्ये मॅजिस्ट्रेट जज म्हणून एक पद आहे. १९६८ च्या कायद्याने ते निर्माण झाले, आजचे नाव त्याला १९९० मध्ये मिळाले. जिल्ह्याचे न्यायाधीश त्यांना आठ वर्षांसाठी नेमतात. दाव्यात कोणी कोणते कागद दाखवायचे याचे तंटे ते सोडवतात, तडजोडीच्या बैठका घेतात, आणि दोन्ही पक्षांची संमती असेल तर अख्खा दिवाणी दावा चालवून निकाल देतात. त्यांच्याकडे वर्ष-दोन वर्षे काढलेला तरुण पुढे दिवाणी वकिलीत जातो तेव्हा दावा आतून कसा हलतो हे त्याने पाहिलेले असते. निकाल देणारा माणूस कागदावर कुठे थबकतो, हे त्याला माहीत असते.

आपल्याकडेही न्यायाधीशाशेजारी एक जाणता बसत असे, हे आपण विसरलो आहोत. कंपनी सरकारच्या काळात मुंबई इलाख्यातल्या अदालतींना शास्त्री जोडलेले होते. वारसा, दत्तक, वाटणी असा प्रश्न आला की इंग्रज न्यायाधीश शास्त्र्याला लेखी प्रश्न विचारी आणि शास्त्री ग्रंथाधारासह उत्तर देई. १८६४ च्या अकराव्या कायद्याने ही पदे गेली. पण त्या उत्तरांची बाडे उरली होती, आणि रेमंड वेस्ट व गेओर्ग ब्यूलर या दोघांनी ती धुंडाळून हिंदू कायद्याचा डायजेस्ट तयार केला. पहिला भाग १८६७ चा, वारशावरचा; दुसरा १८६९ चा, वाटणीवरचा. पुढे कित्येक वर्षे वकील त्याचे दाखले देत राहिले. ज्यांच्या उत्तरांवर तो उभा आहे ते बहुतेक शास्त्री जिल्ह्याजिल्ह्यांतले, साधे, आज कोणाच्या स्मरणात नसलेले.

शास्त्री गेले आणि मागे बेंच क्लार्क, शिरस्तेदार, नाझर, लघुलेखक राहिले. कोर्ट त्यांच्यावरच चालते. पण वाचून विचार करणारे दुसरे डोके न्यायाधीशाजवळ राहिले नाही. उच्च न्यायालयात ते अलीकडे परत आले. तालुक्यात नाही.

आता ट्रंकेतल्या कागदाकडे येतो.

भाचीने मूळ कागद मागितला म्हणून आईने ट्रंक उघडली. पंच्याची घडी सोडताना तिचे हात थरथरत होते. नातीने कागद जमिनीवर पसरला, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या आणि बोट फिरवत शेवटपर्यंत वाचला. एका शब्दावर बोट थांबले. मग तिने आजीला मोठ्याने वाचून दाखवले: "...येणेप्रमाणे गतसाली मृगापूर्वी वाटून घेतले होते, त्याची याद राहावी म्हणून लिहून ठेविले."

"वाटून घेतले होते," ती पुन्हा म्हणाली.

मला काही उमगेना. तिने समजावले ते असे. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे स्थावर मिळकतीचे हक्क ज्या कागदाने निर्माण होतात वा संपतात तो नोंदलेला हवा. भाऊ जर कागदात लिहितील की 'आज रोजी आपसांत वाटप करीत आहोत', तर तो कागदच वाटप करतो. नोंदणी नसेल तर तो पडला. पण वाटप आधीच तोंडी झाले, जो तो आपापल्या खाचरात राबू लागला, आणि नंतर फक्त आठवणीसाठी लिहून ठेवले, तर ते यादीपत्रक. त्याला नोंदणी लागत नाही. १९७६ च्या काले खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कौटुंबिक व्यवस्थेबद्दल हे स्पष्ट केले आहे. म्हणजे तीन भावांच्या पोराबाळांचे पुढचे पन्नास वर्षांचे सुखदुःख मराठीच्या एका क्रियापदावर, त्याच्या काळावर लोंबकळत असते. 'करीत आहोत' की 'केले होते'.

आमच्या आजोबांनी, किंवा त्यांच्या वतीने ज्या कोणी लिहिले त्याने, बरोबर लिहिले होते. कागद चांगला होता. तो फक्त ट्रंकेत राहिला.

आणि असा कागद मुंबईपर्यंत पोचलाच तर तिथे त्याचे इंग्रजी होते. १९९८ पासून महाराष्ट्रातल्या तालुका-जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी आहे. उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. 'घेतले होते' आणि 'घेतले आहे' यांतला फरक भाषांतरात पुसला गेला तर वरच्या न्यायमूर्तींना तो दिसणार कसा? भाची सांगत होती, न्यायमूर्तींच्या दालनात मराठी मूळ कागद वाचू शकणारा, त्यातही ग्रामीण मराठी समजणारा क्लार्क असणे हे नशीब आहे. वरकस म्हणजे पडीक नव्हे. भाताच्या राबासाठी जिथून पालापाचोळा आणि गवत येते ती डोंगरउताराची जमीन ती, तिच्याशिवाय खालच्या खाचराची लावणी होत नाही. दळी म्हणजे काय, खाचर आणि माळ यांत काय फरक, पाणंद कोणाच्या मालकीची, राब जाळल्याची खूण ताब्याचा पुरावा कशी होऊ शकते, हे शब्दकोशातून कळत नाही. ज्याच्या घरी राब भाजतात त्याला ते कळते. मुरबाड-शहापूरच्या मुलीने फोर्टातल्या त्या दगडी इमारतीत बसण्याचे मोल मला इथे दिसले.

तालुक्याच्या कोर्टातला पुरावा किती वर जाऊ शकतो याचा आपल्या शेजारचाच दाखला आहे, महाडचा. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी चवदार तळ्याचे पाणी प्याले, हे प्रत्येकाला माहीत असते. पुढचा दिवाणी दावा फार थोड्यांना माहीत असतो. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला तेव्हा नरहरी दामोदर वैद्य आणि इतरांनी महाडच्या दुय्यम न्यायाधीशांकडे दावा लावला: तळे आमचे, अस्पृश्यांनी तिथे येऊ नये अशी अनादी काळापासूनची रूढी. १४ डिसेंबर १९२७ रोजी तात्पुरता मनाई हुकूम निघाला. हजारो लोक जमलेले असताना बाबासाहेबांनी तो हुकूम मानला आणि तळ्याकडे जाणे थांबवले. दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत तो हुकूम उठला. दावा चालत राहिला. साक्षी झाल्या, नगरपालिकेचे कागद आले. १९३१ मध्ये महाडच्या कोर्टाने दावा फेटाळला. त्यावरचे अपील ठाण्याला आले, आपल्या ठाण्याला, आणि १९३३ मध्ये तेही फेटाळले गेले. १७ मार्च १९३७ रोजी न्या. ब्रूमफील्ड आणि न्या. एन. जे. वाडिया यांच्या खंडपीठाने उच्च न्यायालयात शेवटचा शब्द लिहिला: अशी अनादी रूढी वादींना शाबीत करता आलेली नाही.

दहा वर्षे लागली. पण तो विजय मुंबईत मिळाला असे मी म्हणणार नाही. महाडच्या साक्षीच्या पिंजऱ्यात, उलटतपासात, 'तुमच्या लहानपणी तिथे काय होते' अशा प्रश्नोत्तरांत तो मिळाला होता. वरच्या दोन न्यायालयांनी तो पुरावा वाचला आणि त्याच्यावर शिक्कामोर्तब केले.

मुरबाडच्या कोर्टात सकाळी जाऊन बसा. पुकारा होतो, पक्षकार दचकून उठतो. समोर बसलेल्या न्यायाधीशांच्या पदाचे पूर्ण नाव दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर आणि न्यायदंडाधिकारी प्रथम वर्ग. माणूस एक, खुर्ची एक. अकराला कोणाची तरी रिमांड, साडेअकराला धनादेश न वटल्याची तक्रार, बाराला पोटगी, मग वाटणीच्या दाव्यात उलटतपास. मध्येच कोणी वकील उठून निशाणी पाचवर हुकूम मागतो. निशाणी पाच म्हणजे काय हे आमच्याकडच्या शेतकऱ्यालाही ठाऊक असते. दाव्याबरोबरचा तूर्तातूर्त मनाईचा अर्ज आपल्या कोर्टांत वर्षानुवर्षे याच क्रमांकावर पडतो. बुलडोझर बांधावर उभा असतो आणि न्यायाधीशाला त्या दुपारीच तीन गोष्टी तोलायच्या असतात: सकृद्दर्शनी केस आहे का, सोयीगैरसोयीचे पारडे कुणीकडे झुकते, भरून न येणारे नुकसान होईल का. फाईल वाचायला हातात एखादा तास. टिपण काढून द्यायला कोणी नाही.

आणि या तालुक्यांतले दावे सोपे नाहीत. उलट मी म्हणेन, इथला एक साधा बांधाचा दावा फोर्टातल्या कंपनीच्या तंट्याहून जास्त कायदे पोटात घेऊन येतो. कसणारा कूळ असेल तर १९४८ चा कुळकायदा. १ एप्रिल १९५७ या कृषिदिनी कूळ मालक झाले की नाही हा प्रश्न दिवाणी कोर्टाने ठरवायचाच नाही, कलम ८५ त्याला आडवे येते; तो तहसीलदारांकडे. जमीन कधीकाळी कातकरी, ठाकूर किंवा महादेव कोळी कुटुंबाची असेल तर महसूल संहितेचे कलम ३६ आणि ३६-अ, शिवाय आदिवासींना जमीन परत देण्याचा १९७४ चा कायदा. सातबाऱ्यावर वनाचा शेरा असेल तर १९७५ चा खाजगी वन संपादन कायदा. वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला असेल तर १९०६ चा मामलेदार कोर्ट कायदा, जो अजून जिवंत आहे. दावा कुठल्या दारात लावायचा, एवढे चुकले तरी दहा वर्षे जातात. ती गेलेली घरे मी पाहिली आहेत.

शहापूरकडे आणखी एक वळण आले. आधी तानसा, वैतरणा, भातसा या धरणांनी जमिनी घेतल्या. मुंबईला पाणी गेले आणि उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर टँकर येऊ लागले. मग समृद्धी महामार्ग आला, इगतपुरी ते आमणे हा त्याचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. मोबदल्याच्या नोटिसा आल्या तेव्हा सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बहिणी विचारू लागल्या, आमचे काय? विचारायलाच हवे होते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलीला जन्मतः हिस्सा दिला, आणि ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निवाड्याने वडील २००५ मध्ये हयात असण्याची अटही राहिली नाही. पण २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेले वाटप त्यातून वगळले आहे. नुसते तोंडी वाटप सांगून भागत नाही: ते खरोखर झाले होते की बहिणीला डावलण्यासाठी आता रचले आहे, हे सरकारी कागदांवरून दाखवावे लागते.

असे काम करणारा तरुण वकील तयार कसा होतो? पूर्वापार रीत एकच: सीनिअरच्या हाताखाली. पुढे सरन्यायाधीश झालेले भूषण गवई १९८५ मध्ये वकिलीत आले आणि १९८७ पर्यंत बॅरिस्टर राजा भोसले यांच्याकडे शिकले. भोसले महाधिवक्ता आणि उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राहिलेले. असा सीनिअर मिळाला तर सोने. पण मुरबाडला पहिली दोन वर्षे ज्युनिअरला चहा आणि आशीर्वाद मिळतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्रामीण भागातल्या ज्युनिअरला दरमहा १५,००० रुपये द्यावेत असे सुचवले. ती सूचना आहे, आणि तालुक्यातल्या बऱ्याच सीनिअरांची स्वतःची महिन्याची बाकी किती उरते हे मला ठाऊक आहे, त्यामुळे त्यांना दोष देणे मला जमत नाही. पण या हिशेबात गरीब घरचे पोर वकिलीतून गळते. कल्याणला, भिवंडीला कुठेतरी नोकरीला लागते. भाचीला लॉ क्लार्कचे मानधन मिळाले नसते तर तीही गळाली असती. तिच्या आईने दोन म्हशींवर तिला शिकवले आहे.

२० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ऑल इंडिया जजेस असोसिएशनच्या प्रकरणात निकाल दिला. खंडपीठ तेव्हाचे सरन्यायाधीश गवई, न्या. ऑगस्टिन जॉर्ज मसीह आणि न्या. के. विनोद चंद्रन यांचे. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आली. १९९३ मध्ये ती होती, शेट्टी आयोगाच्या शिफारशीनंतर २००२ मध्ये ती उठली होती. आणि त्याच निकालात म्हटले की न्यायाधीशांकडे लॉ क्लार्क म्हणून केलेले काम या तीन वर्षांत धरले जाईल. कोर्टाचे म्हणणे असे की पुस्तकातून आलेला, कोर्ट न पाहिलेला मुलगा थेट माणसांच्या जगण्यामरण्याचे निकाल द्यायला बसू नये.

मला हे पटते. आणि म्हणून पुढचेही मागावेसे वाटते. लॉ क्लार्कचे काम जर न्यायाधीश घडवते असे देशाचे सर्वोच्च न्यायालय मानते, तर ही खुर्ची दिल्ली आणि मुंबईपुरती का? जिथे पुरावा जन्माला येतो त्या मुरबाडला, शहापूरला, जव्हारला एकेक लॉ क्लार्क द्या. ज्या न्यायाधीशासमोर सकाळी रिमांड आणि दुपारी वाटणी येते त्याला फाईल वाचून देणारे, 'साहेब, या प्रकरणात मूळ कागद अजून आलेला नाही' एवढे एक वाक्य टिपणात लिहिणारे कोणी द्या. ते वाक्य दावा चालू असताना लिहिले गेले असते तर न्यायाधीशांनी तेव्हाच ते विचारले असते आणि वडिलांनी संध्याकाळच्या गाडीने येऊन ट्रंक उघडली असती. पैसा लागेल. मी हिशेबाचा माणूस नाही, पण एका दाव्यात एकवीस वर्षांची गाडीभाडी, बुडालेली रोजंदारी आणि दोन घरांत बंद पडलेले जाणेयेणे मी स्वतः मोजले आहे.

म्हशाची यात्रा पौष पौर्णिमेला सुरू होते. घोंगड्यांचे ढीग, तमाशाचे तंबू, आणि लांबवर पसरलेला बैलबाजार. यंदा भाची बरोबर होती. बैलाचा सौदा रुमालाखाली होतो. दलाल दोघांचे हात रुमालाखाली घेतो, बोटे दाबली जातात, वर चेहऱ्यावर काही दिसत नाही, आणि एकदम दोघे हसतात. कागद नाही, सही नाही, आणि तरी शब्द मोडत नाहीत. भाची बराच वेळ बघत उभी राहिली. पुढच्या आठवड्यात तिच्या दोन दाव्यांत लोकअदालतीची तारीख होती. म्हणाली, "मामा, हा दलाल दोघांचाही चेहरा बघतोय. आपण वकील एकाचाच बघतो."

यात्रेतून निघताना पूर्वेला सिद्धगडाचा सुळका दिसत होता. त्याच्या जंगलात २ जानेवारी १९४३ च्या पहाटे भाई कोटवाल पोलिसांच्या गोळीने पडले, आणि मानिवलीचे हिराजी पाटीलही. भाई माथेरानचे वकील. सावकाराकडे गहाण पडलेल्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी आधी धान्यकोठी काढली होती. आमच्या गावात वकील या शब्दाला जो मान आहे त्यात त्यांचा वाटा आहे, असे मला नेहमी वाटते.

भाची आता मुरबाडला असते. कोर्टाच्या आवारात झाडाखाली तिचे टेबल आहे, त्याला अजून पाटी नाही. मागच्या महिन्यात मी तिथे बसलो होतो तेव्हा एक म्हातारा आला. डोक्याला फडके, हातात पिशवी. भावाच्या पोरांनी वरकसाला तारेचे कुंपण घातले होते. त्याने झेरॉक्स पुढे केली. तिने ती हातातही घेतली नाही.

"बाबा, मूळ कागद?"

तो इकडेतिकडे बघू लागला. मग सदऱ्याच्या आतून एक प्लास्टिकची पिशवी निघाली, तिच्यात दुसरी पिशवी, तिच्यात कागद. हातातून सोडायला तो तयार नव्हता. ती उठली, टेबलाला वळसा घालून त्याच्या शेजारी बाकावर बसली, आणि कागद त्याच्याच हातात राहू देऊन वाचू लागली. खाली आल्यावर तिचे बोट थांबले. मी मान पुढे केली, पण अक्षर मला लागले नाही.

"हे लिहिलंय कोणी?" तिने विचारले. "अंगठे तिघांचे आहेत, पण अक्षर एकाचं आहे."

"मास्तरांनी."

"आहेत का?"

"हायेत ना. नारिवलीला. कान गेलेत. पर डोळं चांगलं हायेत, पेपर वाचतात."

तिने डायरी उघडून नाव लिहून घेतले. मग घड्याळ बघितले आणि मला विचारले, "मामा, नारिवलीची एसटी आता किती वाजता सुटते?"